धान्याची रास आतून कशी असते? संगणकाचा हिशेब आणि क्ष-किरणांचा ताळा

आपल्या व्यापारी बंधूंपैकी पुष्कळांचे आयुष्य धान्याच्या राशींच्या सान्निध्यात गेले आहे. गहू, जोंधळा, तूर, हरभरा यांचे ढीग आपण रोज पाहतो, मूठभर दाणे तळहातावर घेऊन मालाची पारख करतो, आणि हमालाच्या चालीवरून पाठीवरच्या पोत्याचा अंदाजही बांधतो. परंतु राशीच्या पोटात दाणे एकमेकांवर कसे टेकलेले असतात, वरच्या थरांचा भार कोणत्या वाटेने खाली उतरतो, आणि कोठाराचे तोंड उघडताच कोठला माल आधी हलतो, असे कोणी विचारले तर आपण निरुत्तर होतो. नवल असे की, गेल्या शतकाचा बराच काळ हे उत्तर शास्त्रज्ञांपाशीही पुरते नव्हते. राशीच्या पृष्ठभागाखाली दृष्टी पोचत नाही. आणि दाण्यांची संख्या एवढी प्रचंड की, हाताने हिशेब करावयास बसल्यास जन्म पुरणार नाही.

ही दुहेरी अडचण दोन साधनांनी दूर होत आली आहे. पहिले साधन म्हणजे संगणकावर मांडलेली राशीची प्रतिकृती. दुसरे, रास न उकरता तिच्या अंतरंगाचे घेतलेले चित्र. एक हिशेब करते, दुसरे प्रत्यक्ष दाखविते. ही विद्या विद्यापीठांची आहे आणि आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरीही तिचा विषय आपल्या दुकानातला आहे, आणि तिच्यावर पैसा व माणसांचे प्राण या दोहोंचा भरवसा टाकण्याची वेळ आपल्या पुढच्या पिढीवर येणार आहे. यास्तव आम्हांस जे समजले, ते बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

संख्या आणि पोकळी

प्रथम संख्येचा विचार करू. मध्यम प्रतीच्या गव्हाच्या एक हजार दाण्यांचे वजन सुमारे ४० ग्रॅम भरते. म्हणजे एका किलोत २५ हजार दाणे आणि एका क्विंटलात २५ लाख. दहा हजार टनांचे एक कोठार घेतल्यास त्यात २५ हजार कोटी दाणे झाले. प्रत्येक दाणा शेजारच्या पाच-सहा दाण्यांस टेकलेला असतो, आणि प्रत्येक टेकणीवर कमीअधिक दाब असतो. शास्त्रज्ञ ज्यास जटिल रचना म्हणतात तिचे याहून घरगुती उदाहरण सापडणे कठीण. दाणा साधा आहे. जटिलता आहे ती त्यांच्या एकत्र बसण्यात.

आता पोकळी. गव्हाने काठोकाठ भरलेल्या मापात सुमारे चाळीस टक्के जागा हवेची असते. पायली-शेराच्या काळात हे आपल्या वडीलधाऱ्यांस चांगले ठाऊक होते. माप हलवून भरले की वेगळे भरते, अलगद ओतले की वेगळे. वर शीग लावली की वाद निराळाच. १९५८ पासून देशात मेट्रिक वजने येत गेली, मापाऐवजी वजनाचा व्यवहार सर्वत्र रूढ झाला आणि तो तंटा मिटला. परंतु दाणे जास्तीत जास्त किती दाट बसू शकतात, हा शास्त्राचा प्रश्न कायम राहिला.

जर्मन ज्योतिषी योहानेस केप्लर याने १६११ साली एका छोट्या पुस्तिकेत असे म्हटले होते की, सारख्या आकाराचे गोल रचण्याची फळवाल्यांची पिरॅमिडसारखी रीत हीच सर्वांत दाट होय. या रीतीत सुमारे ७४ टक्के जागा भरते. सांगावयास सोपे, सिद्ध करावयास महाकठीण! पुढे १७२७ साली इंग्लंडातील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने एका भांड्यात वाटाणे भरून, त्यात पाणी घालून, वर वजनदार झाकण ठेवले. फुगलेले वाटाणे एकमेकांवर दाबले जाऊन त्यांस पैलू पडले, आणि ते पैलू मोजून त्याने दाण्यांच्या शेजाराचा अंदाज केला. राशीच्या आत डोकावण्याचा हा फार जुना प्रयत्न, आणि तोही कडधान्याच्या साह्याने झालेला.

विसाव्या शतकात लंडनचे जे. डी. बर्नाल यांनी १९६० च्या सुमारास पोलादी गोळ्या भांड्यात ओतल्या, त्यांवर काळा रंग सोडला, तो निथळू दिला, आणि मग गोळ्या सुट्या करून प्रत्येकीवर टेकणीच्या किती खुणा उमटल्या ते मोजले. सरासरी सहाच्या आसपास आली. कशाही ओतून हलविलेल्या गोळ्या ६४ टक्क्यांपेक्षा फारशा दाट बसत नाहीत, हेही त्या काळच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. रचलेल्या राशीचे ७४ आणि ओतलेल्या राशीचे ६४, हा फरक व्यापाऱ्यास नवा वाटू नये. रचलेली थप्पी आणि टाकलेली पोती यांत असाच फरक असतो.

दाणा गोल नसेल तर काय होते? अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील संशोधकांनी २००४ साली मसुरीच्या आकाराच्या चपट्या गोड गोळ्या वापरून व संगणकावर तशाच आकृत्या रचून दाखविले की, चपटे दाणे नुसते ओतले तरी गोल दाण्यांपेक्षा दाट बसतात. सुमारे ६८ ते ७१ टक्के जागा भरतात. वाटाणा आणि मसूर एकाच मापात निरनिराळ्या रीतीने का बसतात, याचे एक कारण येथे सापडते.

कोठाराची भिंत भार उचलते

पाण्याच्या टाकीत जितके पाणी उंच, तितका तळावरचा दाब अधिक. धान्याच्या उंच कोठारात असे घडत नाही. ब्रेमेन येथील यानसेन नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९५ साली लाकडी कोठारांच्या लहान नमुन्यांत धान्य भरून तळावरचा भार तोलला, तेव्हा असे दिसले की, आरंभी भार वाढतो, परंतु कोठाराच्या रुंदीच्या काही पट उंची झाल्यावर तो वाढेनासा होतो. मग वर घातलेला माल जातो कोठे? दाणे बाजूस रेटतात, भिंतीशी त्यांचे घर्षण होते, आणि भिंतच तो भार आपल्या अंगावर घेते.

तळ सुरक्षित राहिला म्हणून कोठार सुरक्षित राहिले, असे मात्र नव्हे. ज्या भिंतीवर एवढा भार उतरतो ती पातळ पोलादी पत्र्याची असेल, आणि माल मधोमध न काढता एका बाजूच्या तोंडाने काढला जात असेल, तर भिंतीवरचा दाब एका अंगास घटतो, दुसऱ्या अंगास वाढतो, आणि पत्रा चेपला जाऊन सबंध कोठार कोसळू शकते. पोलादी कोठारे पडण्याच्या प्रमुख कारणांत हे एक गणले जाते.

माल बाहेर येण्याच्या तऱ्हाही दोन. अमेरिकेतील यूटा विद्यापीठातील अँड्र्यू येनिके यांनी १९६१ व १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यांचे शास्त्र मांडले. कोठाराचा तळ पुरेसा उतरता व गुळगुळीत असेल, तर सगळा माल एकदम खाली सरकतो आणि आधी भरलेला माल साधारणपणे आधी निघतो. तळ पसरट असेल, तर फक्त मधला स्तंभ वाहतो. कडेचा माल जागच्या जागी राहतो, जुना होतो, त्यास वास येतो व कीड लागते. पेवातील तळाचा माल खराब का निघतो, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चर्चा चालत आली आहे; येनिके यांनी कोठारांच्या बाबतीत ती आकड्यांत आणली.

प्रत्येक दाण्याचे स्वतंत्र खाते

यानसेन यांनी रास म्हणजे जणू एकसंध वस्तू मानून हिशेब केला होता. प्रत्येक दाण्याचा स्वतंत्र हिशेब करण्याचे धाडस संगणक आल्यावरच शक्य झाले. पीटर कंडल या अभियंत्याने १९७१ साली फुटलेल्या खडकांच्या ठोकळ्यांसाठी अशी रीत मांडली, आणि १९७९ साली ओटो स्ट्रॅक यांच्यासह ती कणांच्या राशीस लावून दाखविली.

ही रीत वहीखाते ठेवणारास चटकन समजेल. प्रत्येक दाण्याचे एक खाते उघडावयाचे. त्यात दाणा कोठे आहे, किती वेगाने कोणीकडे चालला आहे आणि स्वतःभोवती किती फिरतो आहे, ही आजची शिल्लक. मग कोणता दाणा कोणास टेकला आहे ते शोधावयाचे. टेकणी घट्ट असेल तर दाणे एकमेकांस अधिक बळाने परत लोटतात. बाजूने घासत असतील तर घर्षण आड येते, परंतु ठराविक मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की दाणा घसरतो. पहिल्याने दुसऱ्यावर जे बळ लावले, तेवढेच दुसऱ्याने पहिल्यावर उलट लावले, हा न्यूटनचा नियम. म्हणजे एका खात्यात जे नावे पडले, तेवढेच दुसऱ्या खात्यात जमा! अशा सर्व नोंदींची बेरीज करून प्रत्येक दाण्याची नवी शिल्लक काढावयाची, आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा.

यात मेख अशी की, दोन नोंदींमधील काळ अत्यंत अल्प धरावा लागतो. बहुधा सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी. तसे न केल्यास दाणे एकमेकांत घुसलेले दिसतात व हिशेब बिघडतो. तेव्हा राशीच्या एका मिनिटाच्या हालचालीसाठी लाखो वेळा सबंध खतावणी उतरावी लागते. कंडल व स्ट्रॅक यांनी आरंभी थोड्याशा चकत्यांचाच हिशेब केला होता. आज मोठ्या संगणकांवर लाखो, किंबहुना कोट्यवधी कणांचा हिशेब होतो. तथापि वर सांगितलेल्या २५ हजार कोटी दाण्यांपासून तोही फार दूर आहे; म्हणून कोठाराचा एखादा भागच घेतात, अथवा अनेक दाण्यांऐवजी एक मोठा दाणा कल्पितात.

आत पाहण्याची विद्या

कंडल व स्ट्रॅक यांनी एक शहाणपण दाखविले. आपल्या संगणकाचे उत्तर त्यांनी एका प्रत्यक्ष प्रयोगाशी ताडून पाहिले. तो प्रयोग १९६९ साली हॉलंडमधील दोन संशोधकांनी केला होता. काही पारदर्शक पदार्थांचा असा गुण आहे की, त्यांच्यावर दाब पडला आणि विशिष्ट रीतीने गाळलेल्या प्रकाशात ते पाहिले, म्हणजे दाबाच्या जागी उजळ पट्टे दिसतात. अशा पदार्थाच्या चकत्या एकावर एक रचून दाबल्या असता दिसले की, भार सर्व चकत्यांवर सारखा वाटला जात नाही. तो काही चकत्यांच्या साखळ्यांतून विजेच्या रेघेसारखा खाली उतरतो, आणि मधल्या कित्येक चकत्या जवळजवळ निश्चिंत असतात. पुढे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट बेरिंगर व त्यांचे विद्यार्थी मजमुदार यांनी २००५ साली अशा प्रत्येक टेकणीवरचे बळ आकड्यांत मोजून दाखविले.

या साखळ्यांमुळे एक विलक्षण गोष्ट घडते. नरसाळ्यातून एकाच ठिकाणी ओतलेली रास आणि चाळणीतून सर्वत्र शिंपडून उभी केलेली रास बाहेरून सारखीच दिसते. परंतु १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, पहिलीच्या शिखराखाली मधोमध दाब उलट कमी असतो, आणि दुसरीत तसे नसते. रास कशी ओतली गेली, याची खूण तिच्या अंतरंगात राहते. केवळ बाहेरचे रूप पाहून आतली स्थिती सांगता येत नाही, ही गोष्ट येथे ठामपणे सिद्ध झाली.

चकत्या सपाट होत्या, म्हणून त्यांच्या आरपार पाहता आले. खऱ्या राशीत तसे पाहावयास क्ष-किरणांचे साह्य घ्यावे लागते. दवाखान्यात ज्यास सीटी स्कॅन म्हणतात, तीच ही रीत. तिचे मर्म असे: एका गुदामात तीन रांगा व तीन ओळी मिळून पोत्यांच्या नऊ थप्प्या आहेत, आणि आत जाण्याची मनाई आहे असे समजा. आपणांस फक्त प्रत्येक उभ्या व आडव्या ओळीतील पोत्यांची बेरीज कळते. एवढ्यावरून प्रत्येक थप्पी निश्चित सांगता येणार नाही. परंतु तिरप्या ओळींच्या बेरजाही मिळाल्या, आणि अशा पुष्कळ दिशांच्या मिळत गेल्या, तर प्रत्येक थप्पीचा आकडा उलगडू लागतो. क्ष-किरणांची सावली म्हणजे अशीच एका दिशेची बेरीज. वस्तू फिरवून शेकडो दिशांनी सावल्या घेतल्या की संगणक आतील प्रत्येक बिंदूची घनता सांगतो.

या रीतीचे गणित ऑस्ट्रियन गणिती योहान राडोन यांनी १९१७ सालीच मांडले होते. गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्रातून लंडनमध्ये १९७१ च्या ऑक्टोबरात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले. त्यांस व ॲलन कॉर्मॅक यांस १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशास अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, त्याच १९७१ साली जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी सावल्यांवरून चित्र उभारण्याची एक सुटसुटीत व जलद पद्धत प्रसिद्ध केली. त्या दोघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून झालेली 'राम-लाक' ही संज्ञा आजही या शास्त्रात जगभर रूढ आहे.

हीच रीत ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील संशोधकांनी राशीस लावली. २००५ साली त्यांनी एका भांड्यातील लाखाहून अधिक मण्यांचे चित्र घेऊन प्रत्येक मण्याची जागा निश्चित केली. बर्नाल यांनी काळ्या रंगाच्या खुणांनी जे मोजले, ते आता एकही मणी न हलविता मोजता आले.

मोठा दाणा वर का येतो?

हिशेब आणि चित्र ही दोन्ही साधने एकमेकांस कशी सुधारतात, हे आपल्या रोजच्या अनुभवातील एका गोष्टीवरून पाहू. मिश्र मालाचे पोते लॉरीतून खडखडत आले की टपोरा दाणा वर दिसतो. कणी, बारीक दाणा व माती तळाशी जातात. असे का व्हावे? जड वस्तू खाली जावी, असे आपली बुद्धी सांगते.

१९८७ साली अमेरिकेतील रोझाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर लहानमोठ्या चकत्यांचे मिश्रण हलवून पाहिले. हिशेबाने उत्तर दिले की, प्रत्येक हिसक्यास दाणे किंचित उचलले जातात, मोठ्या दाण्याखाली पोकळी होते, तीत लहान दाणे शिरतात, आणि मोठ्यास परत खाली येण्यास जागा राहत नाही. उत्तर पटण्यासारखे होते, आणि बरेच दिवस ते पुरेसे मानले गेले.

परंतु शिकागो येथील संशोधकांनी १९९३ साली प्रत्यक्ष भांडी हलवून निराळेच पाहिले. भांड्याच्या मधला माल वर चढत होता आणि भिंतीलगतचा पातळ थर खाली उतरत होता. उकळत्या पाण्यासारखे अभिसरण चालले होते. मोठा दाणा मधल्या ओघाबरोबर वर येतो, परंतु भिंतीजवळच्या अरुंद थरातून त्यास खाली जाता येत नाही, म्हणून वरच राहतो. हे आतून पाहण्यासाठी त्यांनी एमआरआय यंत्राचा उपयोग केला, आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात दाणे कोणते घेतले असतील? खसखशीचे! एमआरआय यंत्रास वाळू दिसत नाही. पाणी अथवा तेल असलेला पदार्थच त्यास दिसतो, आणि खसखशीच्या दाण्यात तेल असते. माळव्याहून येणारी खसखस आपण किराण्यात तोलतो; तिच्या अंगचा हा गुण पदार्थविज्ञानाच्या कामी आला, हे वाचून आम्हांस मोठा आनंद वाटला.

मग संगणकाचे उत्तर खोटे ठरले काय? तसे म्हणता येणार नाही. भिंतीच्या घर्षणाने सुरू होणारे अभिसरण त्या पहिल्या हिशेबात धरलेलेच नव्हते. म्हणून ते उत्तरातही आले नाही. वहीत जी रक्कम लिहिलीच नाही ती बेरजेत कोठून येणार? पुढील हिशेबांत घर्षण धरले गेले, तेव्हा अभिसरणही दिसू लागले. आज दोन्ही कारणे आपापल्या ठिकाणी खरी मानली जातात.

याउपर २०२१ साली इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी शेंगदाणे व मोठ्या लांबट ब्राझील-बियांचे मिश्रण हलवीत हलवीत त्याची क्ष-किरणांनी लागोपाठ चित्रे घेतली. त्यांत असे दिसले की, आडवी पडलेली मोठी बी आधी उभी होऊ लागते, आणि मगच वर चढते. दाण्याचा आकारही हिशेबात धरला पाहिजे, हा त्यातला बोध.

यातील व्यवहाराची गोष्ट अशी की, लांबून आलेल्या पोत्याच्या तोंडचा नमुना सबंध पोत्याचा नमुना नव्हे. परखी तळापर्यंत घालून नमुना काढण्याची आपल्या पेठेची जुनी शिस्त शास्त्राच्या कसोटीस उतरते. राशीचेही असेच: वरून एका धारेने ओतलेल्या राशीत मोठे दाणे घरंगळून कडेस जातात, आणि कणी व धूळ मधोमध साठते. त्या मधल्या भागातून हवा खेळत नाही. तेथेच उष्णता धरते व कीड वाढते. मोठ्या कोठारांतून भरणी झाल्यावर मधला थोडा माल खालून काढून घेण्याची पद्धत याच कारणाने पडली आहे.

हिशेबावर विश्वास केव्हा ठेवावा?

संगणकाच्या पडद्यावर राशीचे चित्र फार मोहक दिसते. अधिक दाबाचे दाणे तांबडे, कमी दाबाचे निळे. दाणे झुळझुळ वाहताना दिसतात. परंतु ते रंग माणसाने आकड्यांस दिलेले असतात, आणि ते आकडे माणसाने धरलेल्या गृहीतांवर उभे असतात. गव्हाच्या दाण्यास मध्ये घळ असते, हरभऱ्यास चोच असते, भातास तूस असते. प्रतिकृतीत मात्र बहुधा गोल अथवा दोन-तीन गोल जोडून केलेला दाणा असतो. पावसाळ्यात दाण्यातील ओल वाढते व घर्षण बदलते. कोरड्या दाण्याचे आकडे धरून केलेला हिशेब आषाढातल्या मालास तसाच लागू पडेल, असे समजणे धोक्याचे आहे.

केप्लरच्या जुन्या प्रश्नाचीही हीच कथा. टॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञाने १९९८ साली संगणकाच्या साह्याने त्याची सिद्धता दिली. परीक्षकांच्या मंडळाने काही वर्षे तपासणी करून कळविले की, ९९ टक्के खात्री आहे, परंतु संगणकाचा प्रत्येक हिशेब आम्हांस पडताळता आला नाही. सिद्धता २००५ साली छापली गेली. तथापि त्या एका टक्क्याने हेल्स यांचे समाधान झाले नाही. त्यांनी अनेकांच्या साह्याने प्रत्येक पायरी नव्याने तपासण्याचे काम हाती घेतले, ते २०१४ साली पूर्ण झाले व २०१७ साली प्रसिद्ध झाले. एका रुपयाच्या फरकासाठी सबंध रात्र रोजकीर्द तपासणारे मुनीम आपण पाहिले आहेत. त्यांस हेल्स यांची तळमळ नीट समजेल.

आपला संबंध

आपल्या देशात धान्य अद्याप मुख्यतः पोत्यांतच साठविले जाते. परंतु सायलो म्हणून ओळखली जाणारी पोलादी कोठारे या शतकाच्या पहिल्या दशकापासून पंजाबातील मोग्यासारख्या ठिकाणी उभी राहिली, आणि इतर प्रांतांतही त्यांचा प्रसार होत आहे. आज ना उद्या आपल्यापैकी कोणापुढे अशा कोठाराचा प्रस्ताव येईल. विक्रेता पडद्यावर रंगीत चित्र दाखवील आणि सांगेल की, संगणकाने सर्व तपासले आहे. त्या वेळी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला: दाण्याचे घर्षण, ओल व आकार यांचे आकडे कोणत्या मालावरून घेतले? ते आपल्या मालाचे आहेत, की परदेशच्या मक्याचे? दुसरा: हा हिशेब कोणत्या प्रत्यक्ष चाचणीशी ताडून पाहिला, आणि फरक किती आला? तिसरा: माल बाजूच्या तोंडाने काढल्यास, अथवा मध्येच अडल्यास भिंतीवर काय परिणाम होतो, हे तपासले आहे काय? ज्यास या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्याचे चित्र कितीही सुंदर असले तरी ती न मिळविलेली वही समजावी.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट माणसाच्या जिवाची. पसरट तळाच्या कोठारात खालचे तोंड उघडले की मधला स्तंभ वाहू लागतो, हे वर सांगितले. त्या वेळी वर उभा असलेला मनुष्य काही सेकंदांत कमरेपर्यंत रुततो. भोवतालचे दाणे त्यास असे आवळतात की, वरून दोरी धरून चार माणसांनी ओढले तरी तो निघत नाही. कधी ओलीमुळे वरचा थर कमानीसारखा तोलून राहतो, खाली पोकळी होते, आणि त्यावर पाय ठेवणारा आत जातो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात अशा अपघातांची नोंद ठेवली जाते. २०१० या एका वर्षी तेथे ५० हून अधिक माणसे धान्यात अडकली, आणि त्यांपैकी सुमारे निम्मी दगावली. ज्या देशात यंत्रांची वाण नाही तेथे ही स्थिती, मग आपण किती जपले पाहिजे! माल वाहत असताना कोणासही आत उतरू न देणे, उतरणाऱ्याच्या अंगास दोर बांधलेला असणे आणि बाहेर पाहणारा दुसरा मनुष्य असणे, हे नियम मालकाने स्वतः उभे राहून पाळून घ्यावेत. हमालाच्या घरची चूल त्याच्या जिवावर पेटते, याचे भान मालकास असले पाहिजे.

आपल्या मुलामुलींपैकी अनेकजण आता अभियांत्रिकी व संगणकाचे शिक्षण घेत आहेत. पेठेतील धंदा जुना झाला, त्यात शिकण्यासारखे काही उरले नाही, असे त्यांच्या तोंडून कधी ऐकू येते. त्यांस आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, वडिलांच्या दुकानात जी रास पडलेली आहे तिच्यावर जगातील मोठमोठ्या विद्यापीठांतून आजही अभ्यास चालू आहे आणि तो संपलेला नाही. जोंधळा, तूर, हरभरा, मूग या आपल्या दाण्यांचे घर्षण, ओल व आकार यांची काळजीपूर्वक मोजणी करणे हे तरुणांनी अंगावर घेण्यासारखे काम आहे. हिशेब संगणक करील. परंतु त्यात कोणती रक्कम लिहावयाची, आणि निघालेली शिल्लक प्रत्यक्ष मालाशी जुळते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी माणसाचीच राहील. ती सवय आपल्या घरांतून वहीबरोबर चालत आली आहे. नव्या पिढीने तीच नव्या विद्येस लावावी, ही आमची विनंती आहे.